पहिल्या छापाचा मोह



सहा महिने न्यू जर्सीला मुलाकडे राहून मागच्या महिन्यात परत आले. सुनेचं बाळंतपण होतं. डिंकाचे लाडू, बाळाचं मालिश, रात्रीची जागरणं हे सगळं झालंच, त्यावर लिहीन कधीतरी. आज लिहायचं आहे ते त्या घराच्या बेसमेंटमध्ये भरून ठेवलेल्या चारशे जुन्या जॅझ रेकॉर्ड्सबद्दल. विषय वाचून हसू नका. तुमच्याही मुलाने, जावयाने, भाच्याने हा नाद लावून घेतला असेल किंवा उद्या लावून घेईल. रेकॉर्ड नसतील तर घड्याळं असतील, कॅमेरे असतील.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगते. रेकॉर्ड ऐकणं हा चांगला छंद आहे. चांगली छापलेली रेकॉर्ड आणि वाईट छापलेली रेकॉर्ड यांत फरक असतो, तो मी माझ्या कानांनी ऐकला आहे. पण ‘पहिला छाप म्हणजेच खरा आवाज’ हे जे या लोकांनी डोक्यात घेतलं आहे ना, ते मला साफ अमान्य आहे. तो कानाचा निवाडा नाही. तो मोह आहे, आणि त्याला आवाजाच्या दर्जाचं सोज्ज्वळ नाव दिलेलं आहे.

‘आपला आणि जॅझचा काय संबंध?’ असं एकीने फोनवर विचारलंच. अगं, ‘अलबेला’ पाहिलास ना? सी. रामचंद्रांच्या त्या १९५१च्या संगीतात ट्रम्पेट वाजवणारा गोव्याचा चिक चॉकलेट हा मुंबईतला नावाजलेला जॅझवाला. आपल्या आयांनी ज्या गाण्यांवर मान डोलवली, त्यांच्यात हे संगीत मिसळलेलंच होतं. मला ते परकं वाटलं नाही. बाळाला मांडीवर घेऊन मी रोज संध्याकाळी बेसमेंटमध्ये बसायचे.

आता हे प्रेसिंग प्रकरण काय आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं भांडण कळेल.

स्टुडिओत गाणं टेपवर घेतात. त्या टेपवरून लाखेसारख्या मऊ थराच्या तबकडीवर खाच कापतात. तिच्यावर धातू चढवून उलटा ठसा काढतात, त्यापासून पुन्हा सुलटा, आणि त्या सुलट्यापासून शेवटचे साचे. त्या साच्यांत गरम प्लास्टिकचा गोळा दाबला की रेकॉर्ड तयार. आपण लाकडी साच्यात पेढे थापतो, तसंच. साचा नवा असला की नक्षी ठसठशीत उठते. साचा झिजला की नक्षी बोथट होते. गोळा नीट गरम नसेल, माल हलका असेल, तर खरखर येते. शिवाय खाच जसजशी आत जाते तसतसं एका फेऱ्यातलं अंतर कमी होतं. तेहतीस फेऱ्यांच्या मोठ्या एलपीवर बाहेरच्या कडेला सुई सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच वाचते, लेबलजवळ जेमतेम २१. म्हणून शेवटचं गाणं नेहमी जरा घुसमटतं. कापणारा हुशार असेल तर हे सांभाळतो.

असा एक हुशार माणूस म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर. न्यू जर्सीतल्याच हॅकेन्सॅक गावात राहायचा. दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्मे द्यायचा आणि उरलेल्या वेळात आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात जगातले मोठमोठे जॅझवाले बोलावून ध्वनिमुद्रण करायचा. त्या आईचं मला फार कौतुक वाटलं. आपल्या दिवाणखान्यात कोणी ड्रमसेट आणून ठेवला असता तर आपण काय केलं असतं? १९५९ साली त्याने जवळच एंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ या मित्रांची ‘ब्लू नोट’ ही न्यूयॉर्कची कंपनी त्याच्याकडेच मुद्रण करायची. खाचही तोच कापायचा.

आता संग्राहकांची मेख इथे आहे. ब्लू नोटची जुनी रेकॉर्ड हातात घेतली की ही मंडळी ती ऐकत नाहीत, आधी तपासतात. गाण्याच्या खाचा संपल्यावर लेबलपर्यंत जी मोकळी पट्टी असते, तिच्यात ‘आरव्हीजी’ ही अक्षरं आहेत का? प्लॅस्टिलाइट नावाच्या कारखान्याची कानाच्या आकारासारखी खूण आहे का? लेबलवर गोल खोलगट वळ आहे का? आणि लेबलवर छापलेला कंपनीचा पत्ता कुठला? लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू, की वेस्ट ६३वा रस्ता, की आणखी नंतरचा? १९६६ साली कंपनी ‘लिबर्टी’ने विकत घेतली, त्यानंतरची प्रत तर हातातही धरायची नाही. या खुणांवर किंमत ठरते. तीच गाणी, तोच फोटो, पण एक प्रत वीस डॉलरला आणि दुसरी दोन हजारांना.

यातल्या काही खुणांना अर्थ आहे, हे मी मान्य करते. ‘आरव्हीजी’ असेल तर खाच त्या जाणत्या माणसाने कापली एवढं कळतं. कानाची खूण असेल तर कारखाना कळतो. पण खोलगट वळ? तो लेबल जिथे दाबलं जातं तिथल्या यंत्राच्या भागामुळे उठतो. आवाजाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि पत्ता? कंपनीने जागा बदलली म्हणून ट्रम्पेटचा सूर बदलतो का? जे खरोखर महत्त्वाचं, म्हणजे ही प्रत ताज्या साच्यातून पहिल्या शंभरात निघाली की झिजलेल्या साच्यातून शेवटी, ते तो पत्ता सांगतच नाही.

आमच्या घरात काय झालं ते सांगते, कारण माझा राग तिथून सुरू झाला.

मुलाने जॉन कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’ घेतली. १५ सप्टेंबर १९५७ला त्याच हॅकेन्सॅकच्या दिवाणखान्यात मुद्रित झालेली. सुंदर आहे, मला पाठ झाली आहे. त्यात ट्रम्पेट वाजवणारा ली मॉर्गन तेव्हा अवघा १९ वर्षांचा होता. एका विक्रेत्याकडून ‘पहिला छाप’ म्हणून ती चौदाशे डॉलरला आली. सुनेची तेव्हा बिनपगारी रजा चालू होती. पैसे कुठून आले, तर नातीच्या नावाने जे खातं उघडायचं ठरलं होतं त्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून. सून मला काही बोलली नाही. पण ती त्या दिवशी जेवताना ताटावरून लवकर उठली, ते मी पाहिलं.

आठ दिवस मुलगा रोज रात्री ती लावायचा. ‘आई, ऐक, हा १९५७चा श्वास आहे. नव्या प्रतीत हे येतच नाही.’ मीही मान डोलवली.

मी बी.कॉम. आहे, हे तुम्हाला माहीत आहे. लग्नानंतर नोकरी केली नाही, पण व्हाउचर बिलाशी ताडून बघायची सवय गेली नाही. त्याच्या कपाटात मूळ ब्लू नोट प्रती ओळखण्याबद्दलचं फ्रेडरिक कोहेन यांचं पुस्तक होतं. बाळ झोपलं की मी ते वाचायचे. कंपनीच्या नावापुढे ‘इन्क’ हा शब्द आणि गोलातला ‘आर’ ही खूण लेबलवर १९५९च्या सुमारास यायला लागली, असं कळलं. एके दुपारी मी त्याची ‘ब्लू ट्रेन’ काढून पाहिली. पहिल्या बाजूच्या लेबलवर ‘इन्क’ नाही. उलटी केली. दुसऱ्या बाजूवर ‘इन्क’ आहे. म्हणजे प्रत नंतरची, एका बाजूला जुनी शिल्लक लेबलं वापरलेली.

मी गप्प बसायला हवं होतं का? मला अजून कळत नाही. संध्याकाळी मी त्याला दाखवलं. त्याचा चेहरा असा उतरला की जणू घरात काही विपरीत घडलं. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. त्या रात्री त्याने ती रेकॉर्ड लावली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘तिचा वरचा भाग जरा कोरडाच वाटत होता मला.’

मैत्रिणींनो, इथेच मी चिडले. काल ज्यात १९५७चा श्वास होता, ती रेकॉर्ड आज कोरडी झाली? खाच तीच, सुई तीच, ‘आरव्हीजी’ची अक्षरं तीच, कानाची खूणही तीच. बदलला तो फक्त कागदावरचा एक शब्द. मग आठ दिवस हा माझा हुशार मुलगा ऐकत काय होता? पावती!

मी म्हटलं, आता परीक्षाच घेऊ. तीच ‘ब्लू ट्रेन’ २०२२ साली ब्लू नोटनेच ‘टोन पोएट’ मालिकेत मोनोमध्ये पुन्हा काढली आहे. केव्हिन ग्रे या कारागिराने मूळ टेपवरून खाच कापलेली, किंमत पस्तीस-चाळीस डॉलर. ती आणली. मुलाने पाठ करून बसायचं, सुनेने रेकॉर्ड बदलायच्या, मी वहीत लिहायचं. दोन गोष्टींची काळजी घेतली. एक, जुनी प्रत मोठ्या आवाजात कापलेली आहे, आणि मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. म्हणून फोनवरच्या मापकाने दोन्हींचा आवाज सारखा केला. दुसरी, जुन्या प्रतीची चरचर लगेच ओळखू येते. म्हणून सुई ठेवताना आवाज बंद, आणि सगळी वाद्यं भरात आली की सुरू.

दहा वेळा लावलं. सहा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवून सांगितलं असतं तरी पाच आले असते. आणि चुकलेल्या चारपैकी दोन वेळा त्याने नव्या प्रतीला म्हटलं, ‘हीच! हिच्यातच जीव आहे.’ सून इतकी हसली की बाळ जागं झालं. बऱ्याच दिवसांनी हसली.

ही एका घरातली एक परीक्षा. त्यावरून जगाचा कायदा करायचा नाही, हे मला समजतं. मला स्वतःला जुन्या प्रतीतली ट्रम्पेट जरा अंगावर येणारी वाटली आणि आवडली. नव्या प्रतीत पॉल चेंबर्सचा खर्ज जास्त स्पष्ट आहे. टेप तेव्हा ताजी होती, आता पासष्टहून अधिक वर्षांची आहे. फरक आहे, पण पोळीवर तूप घरचं की डेअरीचं एवढ्याच जातीचा. आणि खरा फरक कसा असतो तेही पाहिलं. एक डॉलरच्या पेटीतून आणलेल्या एका वेगळ्या रेकॉर्डवर ‘इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्टिरिओ केलेली’ असं छापलेलं होतं. मोनो मुद्रणाला साठच्या दशकात ओढूनताणून केलेला स्टिरिओ तो. वाद्यं विहिरीतून वाजल्यासारखी. ते मला भांडी घासताना वरच्या मजल्यावर कळलं! त्याला पुस्तक लागलं नाही, पत्ता लागला नाही.

‘पण पहिला छाप हा कलाकाराच्या सर्वांत जवळचा’, असं ही मंडळी म्हणतात. मग माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चं काय? जगात सर्वांत नावाजलेली जॅझ रेकॉर्ड, १९५९ची, कोलंबिया कंपनीची. २ मार्चच्या मुद्रणाच्या वेळी मुख्य टेपयंत्र किंचित हळू चाललं. त्यामुळे त्या टेपवरून केलेली पहिली अख्खी बाजू किंचित वेगाने, वरच्या सुरात वाजते. दुसऱ्या यंत्रावरची जादा टेप बरोबर होती. ती वापरून चूक दुरुस्त झाली १९९२मध्ये. म्हणजे ३३ वर्षं जगाने चुकीच्या सुरात ऐकली. सुरुवातीच्या प्रतींत तर दुसऱ्या बाजूच्या दोन गाण्यांची नावंही लेबलवर उलटसुलट छापली होती, आणि कव्हरवर कॅननबॉल अॅडरलीच्या आडनावाचं स्पेलिंगही चुकलेलं होतं. तरी सर्वांत जास्त पैसे कोणत्या प्रतीला? त्याच पहिल्या प्रतीला! सूर चुकलेला, नावं चुकलेली, पण पहिली. कलाकाराने वाजवलेला सूर हवा असेल तर नंतरची प्रत घ्यावी लागते. आता सांगा, कोण कलाकाराच्या जवळ आहे?

आणि कान? त्याचीही फजिती जगजाहीर आहे. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी महागड्या खास रेकॉर्ड्स काढते. घेणारे समजत होते की टेप ते खाच सगळं जुन्या पद्धतीने होतं, मध्ये डिजिटल कुठेच नाही. २०२२च्या जुलैमध्ये उघड झालं की मध्ये डिजिटल टप्पा होता, आणि काही वर्षांपासून होता. प्रकरण कोर्टात गेलं. ‘डिजिटल असेल तर मला दोन सेकंदांत कळतं’ म्हणणाऱ्यांनी त्याच रेकॉर्ड्सची तोंड भरून स्तुती केली होती. कंपनीने लपवलं हे वाईटच. पण ज्यांना कळलं नाही त्यांनी निदान थोडा वेळ गप्प बसायचं होतं.

मुलाचा शेवटचा बचाव तुम्हीही ऐकला असेल. ‘आई, ही गुंतवणूक आहे.’

मी विचारलं, ‘विकणार आहेस का?’

‘नाही गं.’

‘मग गुंतवणूक कसली? तो खर्च आहे. खर्च म्हणून लिही, मला चालेल.’

व्याज नाही, लाभांश नाही, भाडं नाही. विकायला काढली तर समोरचा भिंग घेऊन ओरखडे मोजणार आणि किंमत पाडणार. एका बाजूच्या लेबलवर ‘इन्क’ निघालं की मालमत्ता निम्म्याहून खाली. असा माल ताळेबंदात कोण दाखवेल? आणि या हजारो डॉलरांतला एक सेंटही वाजवणाऱ्याच्या घरी जात नाही. हँक मोब्ली नावाचा गुणी सॅक्सोफोनवादक होता. त्याच्या १९५७च्या ब्लू नोट रेकॉर्डची मूळ प्रत आज संग्राहकांत सर्वांत महाग प्रतींपैकी एक आहे. तो मात्र शेवटची वर्षं हलाखीत काढून १९८६मध्ये गेला. जुन्या प्रतीच्या दलालीला संगीतप्रेम म्हणू नका, एवढंच माझं मागणं आहे.

एकीने अहिंसेचं विचारलं आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड्समध्ये शेलॅक असायचं, म्हणजे लाख. ती किड्यांपासून येते आणि ती काढताना असंख्य जीव मरतात. मी म्हणून त्या घेऊ नका असं मुलाला सांगितलं आणि त्याने ऐकलं. १९४८पासून आलेल्या एलपी प्लास्टिकच्या आहेत.

आता आपल्याकडे येते, कारण नुसती मुलांना नावं ठेवून उपयोग नाही. आपल्या व्रतात परिग्रहाचं परिमाण सांगितलं आहे. श्रावकाने सगळं सोडावं असं म्हटलेलं नाही, मर्यादा ठरवावी असं म्हटलं आहे. आणि परिग्रह वस्तूत नसतो, वस्तूला चिकटलेल्या मनात असतो, हे आपण प्रवचनात लहानपणापासून ऐकतो. चारशे रेकॉर्ड ऐकणाऱ्याचा परिग्रह कमी असू शकतो आणि एकच सीलबंद रेकॉर्ड कपाटात जपणाऱ्याचा जास्त. हो, सीलबंदही ठेवतात! कधीच न वाजवलेली म्हणून जास्त किंमत. पण आपल्या कपाटातल्या न नेसलेल्या शालूंचं काय? लॉकरमधल्या त्या हाराचं काय, जो मोडला की घडणावळ गेली? मी परत आल्यावर माझं कपाट उघडलं आणि सात साड्या वाटून टाकल्या. मुलाला पावती ऐकू नकोस म्हणायचं आणि आपण पावती नेसायची, हे बरं दिसत नाही.

म्हणून सांगते. घरात असा नाद असेल तर ‘भंगार’ म्हणून रद्दीवाल्याला देऊ नका आणि ‘त्याला कळतं’ म्हणून गप्पही बसू नका. शेजारी बसून ऐका. संख्या ठरवायला सांगा. एक आली की एक गेली. वर्षभर वाजली नाही ती दुसऱ्याला द्यायची. दोन प्रतींतली चांगली कोणती हे पाठ करून, कानाने ठरवायचं. आणि घराच्या पैशाला हात लावायचा असेल तर आधी घरातल्यांसमोर वही उघडायची.

आमच्याकडे आकडा दीडशे ठरला आहे. एकशे ऐंशीपर्यंत आला आहे, असं सून म्हणते. विकून आलेले पैसे नातीच्या खात्यात गेले. ‘ब्लू ट्रेन’च्या दोन्ही प्रती ठेवल्या आहेत. मी निघायच्या आदल्या रात्री मुलाने एक लावली. कोणती लावलीस म्हणून मी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. नात मांडीवर झोपली होती.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. भांडायला मी तयार आहे.